टेकाड, शालूआत्या आणि मी

माझ्या शालूआत्याची उंची पाच फूट आहे, हे आमच्या विद्यापीठाच्या भूगोल विभागात अधिकृतपणे नोंदलेलं आहे. माझी उंची तिथे कुणी विचारलेली नाही.

त्याचं असं झालं. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी विषय घेतला होता दिवेआगरच्या किनाऱ्यावरच्या एका वाळूच्या टेकाडाचा. पावसाळ्याआधी एक फोटो, पावसाळ्यानंतर एक, दोन्ही एकाच जागेवरून. मापासाठी शेजारी काठी रोवायची, असं सरांनी दहादा बजावलं होतं. काठी मी घरी विसरले. (घर हाकेच्या अंतरावर, पण परत कोण जाणार!)

सोबत आलेली आत्या म्हणाली, "काठी कशाला? मी हाय ना! नुस्त्या वाळूचा फोटो काय काढतेस? मानूस नको त्यात?"

आमच्या घरात माणूस नसलेला फोटो म्हणजे वाया गेलेला फोटो. मग काय, आत्याच उभी राहिली! आणि माप एकच हवं, म्हणून ऑक्टोबरातही तीच.

दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि मी उडालेच. पहिल्यात टेकाड आत्याच्या डोक्याला लागलेलं, दुसऱ्यात कानाशी! म्हणजे एका पावसाळ्यात वीतभर खचलं की! मी ताबडतोब प्रबंधाला नाव दिलं, 'दिवेआगरचे खचते टेकाड'.

सादरीकरणाच्या दिवशी आत्याही निघाली. "माझा फोटो भिंतीएवढा लागनार नि मी घरात बसू व्हय?" अबोलीचा गजरा, ठेवणीतली साडी, डबाभर नारळाच्या वड्या. मी मात्र रात्रभर जागी. नापास झाले तर अख्खं वर्ष पुन्हा, आणि तोवर आमच्या होमस्टेतल्या पाहुण्यांचा नाश्ता माझ्याकडे, हे बाबांनी जाहीर केलं होतं. मला घावनसुद्धा धड उलटता येत नाही!

सभागृहात उभी राहिले आणि रिमोटचा लेझर लावला. टेकाडावर रोखलेला लाल ठिपका थेट पडद्यावरच्या आत्याच्या नाकावर जाऊन बसला. मागच्या बाकावरच्या खऱ्या आत्याने लगेच पदराने नाक पुसलं. पोरं खिदळली. मी घाबरून रिमोट दाबला, दुसरा फोटो आला. पुन्हा दाबला, पहिला आला. पुढे, मागे, पुढे, मागे! बोट काही थांबेना, आणि आत्या पडद्यावर भिंतीएवढ्या उठाबशा काढू लागली.

"थांबा!" बाहेरून आलेले परीक्षक पुढे झुकले. "परत दाबा. परत. अहो, टेकाड जागचं हलत नाहीये. बाईच वर-खाली होतायत!"

आणि मागून आवाज आला, "साहेब, दुसऱ्या टायमाला मी पाटावर उभी हाय."

"पाटावर?"

"दोन पाट, एकावर एक! मागल्या टायमाला सकाळ हुती, आक्टोबरात भर दुपारी वाळू कसली तापली हुती! पाय भाजले असते माजे. वाळूवरच्या वेलात नि साडीत झाकले गेले पाट, हिला कुटनं दिसनार?"

"अगं, मला सांगायचं तरी!" मी माईकवरच ओरडले.

"कशी सांगू? तूच म्हनालीस, हलू नको, बोलू नको!"

परीक्षकांनी कागदावर आत्यातून पाट वजा केले. टेकाड खचलेलं नव्हतंच. उलट बोटभर वाढलं होतं! मला रडू कोसळायच्या बेतात होतं. आमचे सर छताकडे बघत होते. डोळ्यांपुढे पाहुण्यांची रांग आणि करपलेले घावन.

परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते हसत होते! "फोटो चांगले आहेत. पास करतो. पण निष्कर्ष बदला. बाई बदलू नका."

वड्यांचा डबा फिरला. परीक्षक आत्याला अदबीने म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमचे विद्यार्थी घेऊन किनाऱ्यावर येतोय. मापाला उभ्या राहाल ना?"

"राहीन की!" आत्या लाजली.

"आणि मी काय करू, सर?" मी उत्साहाने पुढे झाले.

"तुम्ही आधी तो प्रोजेक्टर बंद करा."

तोही शेवटी आत्यानेच बंद केला.