रेघेचे नाव रेघेवर

चौथ्या खोलीची रेघ कोणती, हे मोहित्यांनी दुसऱ्यांदा विचारले, तेव्हा मी स्क्रीनकडे पाहणे थांबवले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागलो.

“हिरवी, साहेब,” संदेश म्हणाला. “मघाशी सांगितलं ना.”

“व्हय, व्हय. हिरवी.” मोहित्यांनी मान डोलावली. पण त्यांची नजर रेघांवर नव्हती. संदेशचे बोट कुठे जाते, ते पाहत होती.

मोहिते मूळचे कुंडलचे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कारखाना आहे. तेथे बेदाण्याच्या शीतगृहांची यंत्रणा बनते. शीतगृहाच्या खोलीचे तापमान चढले की बेदाणा काळा पडतो. म्हणून प्रत्येक शीतगृहात एक स्क्रीन असतो आणि त्यावर प्रत्येक खोलीचे तापमान रेघेच्या रूपात दिसते. हा स्क्रीन नव्याने तयार होत होता. त्यात चार्ट कोणाचा बसवायचा, याचा निर्णय त्या दिवशी व्हायचा होता. संदेश हा त्यांचा सॉफ्टवेअर प्रमुख. त्याने बाजारातला एक नामांकित चार्ट आधीच बसवून ठेवला होता. आम्ही साताऱ्याहून आमचा चार्ट घेऊन गेलो होतो.

अशा चार्टला डेव्हलपर मंडळी ‘कंपोनंट’ म्हणतात. म्हणजे तयार भाग. वीजपेटी बनवणारा माणूस स्विच स्वतः घडवत नाही, विकत आणून बसवतो. तसेच सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस चार्ट स्वतः काढत नाही. तयार कंपोनंट आणतो, त्याला आकडे पुरवतो, आणि चित्र उमटते.

आमचा कंपोनंट वैशाली जाधव हिने बनवला. माझी सारी नोकरी कंट्रोल पॅनेल, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या वीजपेट्या, बनवण्यात गेली. निवृत्तीनंतर मी तिच्या ऑफिसात सल्लागार म्हणून बसतो. ते ऑफिस म्हणजे पुण्यातील एका कंपनीची सातारची छोटी शाखा. वरून निरोप स्पष्ट होता. कुपवाडने नकार दिला तर कंपोनंट बंद, शाखाही बंद, आणि वैशालीने पुण्याला येऊन दुसरे काम घ्यावे. तिने त्यावर चर्चा केली नाही. मीही केली नाही.

बाजारात चार्ट पुष्कळ आहेत. मग आमच्यात वेगळे काय? एकच गोष्ट. बाकीचे चार्ट रेघ रंगाने ओळखायला सांगतात. लाल रेघ कोणाची, हिरवी कोणाची, याची तक्ती बाजूला असते. आमच्या चार्टमध्ये तशी तक्तीच नाही. प्रत्येक रेघेचे नाव त्या रेघेच्या टोकाशी लिहिलेले असते, आणि प्रत्येक रेघेची वीण निराळी असते. एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. रंग आहेत, पण ते काढून टाकले तरी काही अडत नाही.

हा आग्रह माझा होता. पॅनेलमध्ये वायरींना रंग असतात, तरीही प्रत्येक वायरीच्या टोकावर आकडा छापलेली प्लॅस्टिकची बारीक नळी चढवतात. तिला फेरूल म्हणतात. कारण साधे आहे. लाल वायर संपली की वायरमन हाताला लागेल ती वायर ओढतो आणि पुढे जातो. रंगाचा भरवसा तेथेच संपतो. आकडा मात्र तोच राहतो. वैशालीला मी पहिल्याच दिवशी सांगितले होते, प्रत्येक रेघेला फेरूल पाहिजे.

संदेशला ते पटले नव्हते.

“काका, राग मानू नका,” तो म्हणाला. “पण तुमचा चार्ट लय साधा वाटतो. आमचा बघा, रेघा कशा सळसळत येतात. गिऱ्हाइकाला काहीतरी दिसायला नको का?”

“गिऱ्हाइकाला तापमान दिसायला हवे,” मी म्हणालो.

“ते दिसतंयच की. पण तुमचं चित्र म्हणजे शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातलं.”

“त्या पुस्तकात नदीचं नाव नदीवरच लिहिलेलं असतं,” वैशाली म्हणाली. “तुला कधी नदी चुकली होती का?”

“मला सगळंच चुकायचं,” संदेश म्हणाला. तो हसला, वैशालीही हसली. मोहिते हसले नाहीत.

त्यांनी पुन्हा संदेशच्या चार्टकडे पाहिले. दोन्ही चार्टांना एका ग्राहकाच्या शीतगृहाचे आदल्या दिवसाचे आकडे दिले होते; संदेशच्या चार्टवर लाल, हिरवी, तपकिरी, नारिंगी अशा चार रेघा होत्या. एक रेघ दुपारी वर चढलेली होती. मोहिते म्हणाले, “ही चढलीया ती... ही कंची रं, संदेश?” तो तिसरा प्रश्न. संदेशच्या कपाळावर आठी आली. साहेबांचे लक्ष नाही, असे त्याला वाटले असावे.

लक्ष होते. दिसत नव्हते.

पॅनेलच्या धंद्यात मी अशी माणसे पाहिली आहेत. लाल आणि हिरवा त्यांना जवळजवळ सारखाच दिसतो. ते कधी सांगत नाहीत. दुसऱ्याकडून वदवून घेतात. कारखान्याच्या मालकाचे हे गुपित त्याच्याच नोकरांसमोर उघडे करणे मला मान्य नव्हते, मग ऑर्डर राहो वा जावो.

मी संदेशला विचारले, “तुमचे ग्राहक या चार्टची प्रिंट काढतात?”

“काढतात ना. बेदाण्याचे व्यापारी मागतात. माल ठेवल्यापासून खोली थंड होती का, ते बघायला.”

“मग दोन्ही चार्टांची प्रिंट काढा.”

ऑफिसचा प्रिंटर काळा-पांढरा होता. शीतगृहांतही तसेच असतात. दोन कागद टेबलावर आले. संदेशच्या कागदावर चार राखाडी रेघा होत्या. बाजूच्या तक्तीत चार राखाडी चौकोन होते. कोणती रेघ कोणाची, हे आता संदेशलाही सांगता येईना. त्याने कागद उजेडाकडे धरला, मग तिरका केला.

“कलर प्रिंटर घेतला की झालं,” तो म्हणाला.

“आन् त्यो शीतगृहवाल्यानं घ्यायचा व्हय?” मोहिते म्हणाले. “त्याला हाय त्यो प्रिंटर चालू ठिवायला जमंना.”

त्यांनी आमचा कागद ओढून घेतला. चष्मा लावला. आणि त्या सकाळी प्रथमच, कोणालाही न विचारता, ते बोलू लागले.

“ही चार नंबर. दुपारी चढली. एक, दोन, तीन जागच्या हलल्या न्हाईत. म्हंजी मशीन बरोबर हाय.” त्यांचे बोट ठिपक्यांच्या रेघेवरून सरकत गेले. “हितं चढली, हितं उतरली. जेवणाच्या टायमाला. दार उघडं टाकून जेवाय गेल्यात, गड्या. संदेश, लाव फोन त्यांना.”

संदेशने त्या शीतगृहाला फोन लावला. पलीकडच्या माणसाने आधी नाही म्हटले, मग हमाल गाडी भरत होते असे सांगितले, मग दार उघडे होते हे कबूल केले. संदेशने फोन ठेवला आणि आमच्या कागदाकडे नव्याने पाहिले. आमचा हाच चार्ट सकाळपासून त्याच्या चार्टशेजारी स्क्रीनवर होता.

तरीही त्याने हार मानली नाही. मला ते आवडले.

“चार रेघांना ठीक आहे,” तो वैशालीला म्हणाला. “आमच्या मोठ्या शीतगृहाचा डेटा टाकतो. सगळ्या रेघा एकमेकींना चिकटून चालतात. तुमच्या नावांची खिचडी होणार बघा.”

“टाक,” वैशाली म्हणाली, आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

त्याने स्वतःच्या हाताने डेटा टाकला. रेघा उमटल्या, एकमेकींना अगदी लागून. नावे क्षणभर एकावर एक आली, आणि मग वर-खाली सरकून प्रत्येकाने आपली जागा घेतली. ज्याला जागा उरली नाही, ते नाव थोडे दूर गेले आणि बारीक दोरीने आपल्या रेघेशी बांधलेले राहिले. संदेशने स्क्रीनवरची चार्टची खिडकी लहान केली. नावे पुन्हा सरकली. त्याने ती मोबाइलएवढी केली. एकही नाव दुसऱ्यावर चढले नाही. या सरकण्यासाठी वैशालीने दोन वर्षे घालवली होती. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती.

“हे कसं केलं?” संदेशने विचारले. आवाज बदलला होता. आता एक डेव्हलपर दुसऱ्याला विचारत होता.

“सांगते. पण आधी साहेबांना विचार, ठेवायचा का.”

“ठेवायचा,” मोहिते म्हणाले. “समद्या मशीनवर. जुन्या मशीनवर बी. आन् संदेश, तुझ्या त्या सळसळणाऱ्या रेघा दिवाळीच्या शुभेच्छांना वापर.”

निघताना मोहिते मला सोडायला जिन्यापर्यंत आले. वैशाली आणि संदेश आत लॅपटॉपवर वाकले होते.

“आवं साहेब,” ते हळू म्हणाले, “तुमाला कळलं व्हतं न्हवं?”

“मी प्रिंट मागितली. एवढेच.”

त्यांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. “आमच्या घरातली समदी फौजेत. मी बी गेल्तो भरतीला. धावण्यात पयला आलो. मेडिकलला डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं, म्हणला आकडा वाच. मला नुसतं ठिपकं दिसलं. माघारी आलो आन् वायरमन झालो.”

“वायरमन?” मी विचारले.

“फेरूल वाचून. रंगाकडं कवा बघितलंच न्हाई. लोक म्हणायचं, मोहित्याची वायरिंग चुकत न्हाई.”

मी त्यांच्याशी हात मिळवला. त्यांनी तो जरा जास्त वेळ धरून ठेवला.

त्यांच्या जुन्या-नव्या सर्व यंत्रांवर आता आमचा चार्ट आहे. मोहिते भरतीची ती हकिगत आता स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, म्हणून मी येथे लिहिली. सातारची शाखा चालू आहे. पुण्याच्या वरिष्ठांनी अभिनंदनाचा ईमेल पाठवला आणि आमच्या चार्टचे रंग अधिक आकर्षक करावेत, अशी सूचना केली. वैशालीने रंग बदलले. त्याने कोणाचे काही बिघडले नाही. बिघडू नये म्हणूनच तो चार्ट तसा बनवला आहे.