भिंतीतला जोड

खालच्या खोलीतल्या शिंपीकाकांनी सकाळी चहा पिता पिता सहज म्हटलं, "अगं पानाबाई, माझ्या छताला ओल आलीय बघ. बरोबर तुझ्या मोरीखाली." पानाबाईने चहाचा कप खाली ठेवला.

पानाबाई हे नाव तिला प्लंबिंगच्या वर्गात पडलं. वर्गात बाई म्हणून ती एकटीच, आणि मोठा पाना एकदा हातात आला की खाली ठेवायचं नाव नाही. तोवर तिला मायेने हाक मारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. नवऱ्याने चोरीचा माल घरात आणून दडवला. पोलीस आले तेव्हा तो मागच्या दाराने पसार झाला आणि ही अंगणात कपडे वाळत घालताना सापडली. शिक्षा भोगून सुटली तोवर तिची लेक मामाच्या घरी वाढत होती. भावाने बहिणीला दारातच सांगितलं, "पोरीची काळजी करू नकोस. पण तू आधी स्वतःच्या डोक्यावर छप्पर बघ."

ते छप्पर दिलं एका संस्थेने. एक जुनं, ओस पडलेलं वसतिगृह संस्थेने ताब्यात घेतलं होतं. कोणी तुरुंगातून आलेलं, कोणी रस्त्यावरून, कोणी घरच्यांनी हाकललेलं, अशा माणसांना काम शिकवायचं आणि त्यांच्याच हातून ती इमारत उभी करायची. राबेल त्याला तिथेच खोली. हात बसला की बाहेरची कामंही. पानाबाईला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. तिची मोरी तिनेच बांधली होती, म्हणजे पाइप तिचे आणि टाइल गवंड्याच्या. आता एका शाळेच्या नव्या इमारतीचं काम संस्थेकडे आलं होतं आणि ते तिच्यावर सोपवायचं घाटत होतं. आणि येत्या रविवारी लेक खोली बघायला यायची होती. पहिल्यांदाच.

अशा वेळी ही ओल!

कुठला जोड गळतोय हे तिला बघावंही लागलं नाही. भिंतीतला, व्हॉल्व्हच्या अलीकडचा, टाकीच्या बाजूचा. तो तिने अडचणीत वाकून कसाबसा बसवला होता. जोडल्यावर पाइपात पाण्याचा दाब भरून ठेवायचा, तो उतरत नाही हे बघायचं आणि मगच भिंत बंद करायची, हे मिस्त्रीने वर्गात घोकून घेतलं होतं. पण त्या दिवशी गवंडी माल कालवून उभा होता. "सुकतोय गं, आवर!" म्हणून ओरडत होता. मिस्त्रीने खालून विचारलं, "दाब बघितलास?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो, बघितला."

एवढ्याशा "हो"ने तिची झोप उडवली. काकांच्या खोलीत जाऊन तिने छत पाहिलं. डाग बशीएवढा होता. "मोरीची भिंत नवीन आहे ना, सुकत असेल अजून," असं म्हणून ती बाहेर पडली आणि जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिली. सांगावं तर खोली जाईल. आधी एक जण दारू पिऊन आला म्हणून त्याचं सामान बाहेर काढलं होतं. खोटं बोललेल्याला थोडीच ठेवतील? आणि तुरुंगातून आलेल्या बाईचं खोटं म्हटल्यावर काय, लोकांना आयतंच कोलीत.

तिने मोरीचा व्हॉल्व्ह बंद करून टाकला. पाणी अंगणातल्या नळावरून बादलीने आणायला लागली. शेजारीण म्हणाली, "नळ असताना पाणी काय वाहतेस?" "व्यायाम," ही म्हणाली. दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून काकांच्या खोलीत डोकवायची. काकांना वाटलं, पोरगी माया लावतेय. ते बिचारे तिच्या जुन्या सदऱ्याला नवी कॉलर लावून द्यायला बसले. इकडे हिचा जीव खालीवर. डाग थांबेना. थांबणार कसा? गळती व्हॉल्व्हच्या अलीकडे, तो बंद केला तरी तिथे टाकीचं पाणी यायचंच. हे तिला कळत होतं, तरी ती बादल्या वाहत होती.

शुक्रवारी दुपारी ती काकांच्या दारात पोचली तेव्हा डाग पसरून भिंतीवर उतरला होता, थेट शिलाई मशीनच्या विजेच्या बटणापर्यंत. काकांनी बटणाकडे हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. "मुंग्या आल्या गं हाताला," ते हसत म्हणाले.

पानाबाई ओरडली, "हात लावू नका! बाहेर या आधी!" तिने काकांना धरून जवळजवळ ओढतच बाहेर आणलं, जिन्याखालचं विजेचं मुख्य बटण पाडलं, गच्चीवर धावत जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. पंखे थांबले, नळ कोरडे पडले, सगळी इमारत अंगणात गोळा झाली.

मिस्त्री आला. त्याने वर बघितलं, मग वळून बुटक्याला धरलं. बुटक्या तिच्याच वर्गातला, चार कामांतलं एक हमखास बिघडवणारा. "टाकीकडून येणारी वरची लाइन तुझी ना रे? हिच्या जोडांचा दाब तर बघून झालाय. किती वेळा सांगितलं, घाई नको! आता शाळेच्या कामावर पाऊल ठेवायचं नाहीस."

बुटक्याचं तोंड उतरलं. त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. "असेल माझीच चूक," तो पुटपुटला.

गप्प राहिली असती तर झाकली मूठ तशीच राहिली असती. पानाबाईने काकांकडे पाहिलं. ते आपला हात चोळत उभे होते.

"जोड माझा आहे," ती म्हणाली. "दाब बघितला नव्हता. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. आणि ओल आल्यापासून मला माहीत होतं."

मिस्त्री तिच्याकडे पाठ करून सरळ जिना चढून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी संस्थेच्या मॅडमनी रहिवाशांची बैठक घेतली. हिला बाहेर बाकावर बसवलं. आतून आवाज चढत होते, उतरत होते. मध्येच कोणीतरी म्हणालं, "म्हातारा मेला असता म्हणजे?" तिने मनात सामानाची गाठोडी बांधायला घेतली. रविवारी लेकीला काय सांगायचं? येऊ नको म्हणून निरोप धाडावा?

दार उघडून मॅडम बाहेर आल्या. "खोली राहतेय," त्या म्हणाल्या. "काका तुमच्यासाठी भांडले. पण शाळेचं काम बुटक्याकडे जाईल, तो चुकला तरी लपवत नाही. तुम्ही पुन्हा मिस्त्रींच्या हाताखाली, ते म्हणतील तोवर. आणि पानाबाई, चूक कुणाचीही होते. लपवलंत, त्याचं वाईट वाटलं."

पानाबाईला सुटल्यासारखं काही वाटलं नाही.

रविवारी मामा-भाची आली तेव्हा मोरीची भिंत फोडलेली होती. खोलीभर विटांचा भुगा, गादी भिंतीला उभी, आणि केसांत धूळ माखलेली पानाबाई छिन्नी-हातोडा घेऊन उकिडवी बसलेली. भावाने नाकाला रुमाल लावला. "ही का तुझी खोली?"

"जोड चुकला होता. माझ्याच हातून," ती म्हणाली. सबब सांगायचं त्राणच उरलं नव्हतं.

लेक भिंतीच्या भगदाडाशी वाकून बघत होती. "हे पाइप तू लावलेस? आई, तुला येतं हे?"

"येतंय थोडं थोडं."

"चल गं," मामा म्हणाला. "इथे बसायलासुद्धा जागा नाही. सगळं नीट झालं की येशील राहायला. आज कपडेही आणलेले नाहीत तुझे."

"दप्तर आणलंय," पोरगी म्हणाली आणि खिडकीतला भुगा हाताने झटकून तिने ते तिथे ठेवलं. "उद्या इथूनच शाळेत जाईन."

"ठेवून घेशील का?" भावाने बहिणीला विचारलं. पानाबाईला हो म्हणायची छाती होईना. मोरी फुटलेली, पाणी बंद, रात्री पोरगी घाबरली तर? सकाळी उशीर झाला तर? "अंघोळीला पाणी खालून आणावं लागेल," ती लेकीला एवढंच म्हणाली.

"मग बादली कुठाय?" लेकीने विचारलं.