राहनाळच्या चावऱ्या माश्या

आमच्या भागात सातेरी माश्या टिकल्या त्या माझ्या धाकट्या भावामुळे, असे हल्ली लग्नाच्या मांडवात सांगितले जाते. सांगणारा भाऊच असतो. ही हकिकत निराधार आहे, आणि मी हयात असेपर्यंत ती खपवून घेणार नाही.

सातेरी ही आपल्याकडची मूळची मधमाशी. लहान, सावळी, भिंतीच्या पोकळीत राहणारी. माझ्या पेट्या वळ गावात घरामागे, भावाच्या अंबाडी गावाकडच्या शेतावर. त्याची एक राणी फार लाडकी होती. तिच्या माश्या गरीब आणि मध भरपूर, म्हणून त्याने तीच वसाहत पुन्हा पुन्हा विभागून सगळ्या पेट्या भरल्या. आपण एका देवकात सोयरीक करीत नाही. मग माश्यांच्याच बाबतीत हे भान का सोडावे? एकीला जे बाधेल ते सर्वांना बाधेल, हे मी त्याला तेव्हाच बजावले होते.

राहनाळला एका गोदामाची भिंत पाडणार आणि तिच्यात पोळे आहे असे कळताच मी ते आणायला निघालो.

"दादा, ती न्हाय आणायची. हमालांना पळवून लावलंय त्यांनी!"

"म्हणूनच आणायची. घरात एक तरी भांडखोर हवा."

"एक हाय की," आतून माझी पत्नी म्हणाली.

मी पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटींना बांधली. राणी पेटीत शिरली, तशा बाकीच्या मागोमाग गेल्या. त्या दिवशी माझा डावा डोळा सुजला, असे भाऊ सांगतो. दोन्ही सुजले होते. सांगायचे तर पूर्ण सांगावे.

पुढच्या पावसाळ्यात रोग आला. अळ्या जागीच मरून पाण्याच्या पिशवीसारख्या होऊ लागल्या. भावाच्या सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या. माझ्याही काही गेल्या, ते मी नाकारत नाही. राहनाळच्या टिकल्या, आणि कापड विणणाऱ्या एका लूमच्या कारखान्याच्या छपरातून आणलेल्याही. हवा पालटली म्हणून रोग गेला, हे भावाचे म्हणणे. हवा शेतावरही तीच होती.

शेवटी तो आला. "दादा, एक पेटी दे."

"एक नाही. दोन ने, वेगवेगळ्या घराण्यांच्या. तिसरी तू शोधायचीस."

राहनाळच्या पेटीचे दार फडक्याने घट्ट बांध, असे मी सांगितले होते. त्याने सैल बांधले. टेम्पोपर्यंत पोहोचण्याआधीच त्याने आरोळी ठोकली. पेटी मात्र त्याने खाली टाकली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि याबाबत कोणाला शंका असेल त्याने माझ्याशी बोलावे.