पुढचा दांडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आबांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? नीट माहीत नाही — तुमची-माझी ओळख नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडायला गेलो की माझं शिक्षणच आडवं येतं.

ते शिक्षण आधी सांगून टाकतो. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. मेकॅनिकल इंजिनिअर. परभणी जिल्ह्यात ताडकळसच्या अलीकडं आमचं गाव. माझा निकाल लागला त्या दिवशी माझ्या वडिलांनी, आबांनी, बाजारातल्या हॉटेलात अनोळखी माणसांनाही चहा पाजला होता. मला त्याचा अभिमान आहे. आजही आहे, खोटं कशाला बोलू? खोटं बोलायचं ते एकदा बोलून झालंय.

त्याच वर्षी आबांनी लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घेतला. आमची जमीन काळी. पाऊस लागला की ट्रॅक्टरसुद्धा फसतो आणि सोयाबीनचे कट्टे, भरलेली पोती, रानातच भिजतात. ही गाडी चारही चाकांनी ओढणारी. ती लिलावावरून चालवत आणली सोपानमामानं. मामा म्हणजे नात्यातला नव्हे, गावच्या धनगरवाड्यावरचा. मेंढरं राखता राखता क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. शाळा जेमतेम, पण नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. मी कॉलेजात गेल्यापासून मला साहेब म्हणायचा — निम्मी चेष्टा, निम्मं कौतुक.

गाडीत गिअरशेजारी आणखी एक आखूड दांडा होता. तो ओढला की पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळायचा. मामानं पहिल्याच दिवशी चारचौघांत बजावलं, "साहेब, ह्यो पुढचा दांडा निस्ता चिखलात वढायचा. डांबरीवर न्हाई, शिमिटावर न्हाई. गाडी सोताला बांधून घेती."

मी हसलो. म्हटलं, "मामा, हे आमच्या पुस्तकातच आहे."

आणि होतंच ते पुस्तकात. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं मी.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, सगळं. आमच्याकडं नवी गाडी मारुतीला पाच फेऱ्या घालते. स्टिअरिंगवर खरं तर मामा बसायचा, पण आबा म्हणाले, फेऱ्या माझं पोरगं घालणार. मामा नारळ घेऊन पुढं देवळापाशी जाऊन थांबला. गाडी होती खळ्याजवळ, आदल्या दिवशीच्या पावसानं झालेल्या चिखलात. मी सोडली, तर मागची चाकं जागीच फिरली. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "आरं, इंजिनेराला धक्का द्या रं कुनी!"

मी दांडा ओढला. गाडी डबक्यातनं म्हैस उठावी तशी उठली आणि बाहेर आली. टाळ्या पडल्या, हलगी सुरू झाली — आणि मी तशीच ती देवळाभोवती नेली. तिथं सिमेंटचा नवा रस्ता, वळण आखूड. पाच फेऱ्या. तिसऱ्या फेरीपासून स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, टायर कुरकुरायला लागले. लोकांना वाटलं, मिलिटरीची गाडी आहे, अशीच गुरगुरत असेल. मला काय वाटलं? मला एवढंच वाटत होतं की सगळं गाव आपल्याकडं बघतंय.

फेऱ्या संपल्यावर आठवण झाली. दांडा परत ढकलला, तो आलाही जागेवर. पण आतले गिअरचे दात सुटले नव्हते. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात. चिखलात ती जरा घसरतात आणि फरक भरून निघतो. सिमेंटवर घसरायला मिळत नाही. मग सुंभाला पीळ भरावा तसा पीळ चाकं फिरवणाऱ्या शाफ्टमध्ये भरत जातो, दात एकमेकांत आवळून बसतात, आणि वर दांडा जागेवर दिसला तरी आत गाडी बांधलेलीच राहते.

दुसऱ्या दिवशी मामानं गाडी थोडी फिरवली आणि खाली उतरला. "मोकळी न्हाई ही. पुढून कुनी दावं धरल्यावानी चालायलीय."

दोन दिवस आम्ही दोघं त्या गाडीखाली होतो. मी म्हटलं, ब्रेक धरतायत. मामानं एकेका चाकाच्या मधोमध तळहात ठेवून बघितला. गार. ब्रेक धरले असते तर हात पोळला असता. मी म्हटलं, मग क्लच असेल. त्यानं बिडी पेटवली, बराच वेळ त्या दांड्याकडं बघत राहिला आणि विचारलं, "साहेब, फेऱ्यांच्या टायमाला ह्यो वढला व्हता का?"

आबा तिथंच बाजेवर बसलेले. दोन चुलते होते. मी म्हणालो, "नाही."

मामानं दांड्यावरची नजर काढली ती काढलीच. शिकलेला माणूस नाही म्हणतोय म्हणजे नाहीच — पुन्हा त्या बाजूला त्यानं बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पण मग दुपारचं सांगावं लागेल. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी एकटा गाडीखाली सरकलो आणि पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट हातानं हलवून बघितला. मोकळा असता तर बोटभर तरी फिरला असता. तसूभरही हलला नाही. मला कळलं. उपायही माहीत होता — पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं, की पीळ सुटतो. पाच मिनिटांचं काम. पण उचललेलं चाक आपोआप गर्रकन फिरलं असतं, मोठा आवाज झाला असता, आणि मामाला सगळं उमगलं असतं. 'नाही' म्हणून दोन तासही झाले नव्हते. मी ठरवलं, उद्या कुणी नसताना करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा गाडीत कट्टे भरलेले. आभाळ आलं होतं, माल परभणीच्या मोंढ्यावर, धान्यबाजारात, पोचवायची आबांना घाई. मामा म्हणाला, "आबा, गाडी बरी न्हाई." आबांनी माझ्याकडं बघितलं. "इंजिनेर काय म्हनतो?"

माझ्या तोंडात ब्रश होता. मी मान हलवली. जाऊ द्या, अशी. तोंड रिकामं असतं तर मी बोललो असतो का? नसतो बोललो. उगाच ब्रशावर कशाला ढकलू?

मोंढ्याच्या वाटेवर एका वळणावर शाफ्टचा सांधा तुटला, शाफ्ट खाली लोंबून रस्त्यात रुतला आणि गाडी खड्ड्यात गेली. स्टिअरिंगनं उलटा झटका दिला, त्यात मामाचं उजवं मनगट मोडलं. ते पुढं वाकडंच बसलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आबांनी मला विचारलं, खोट गाडीत होती की चालवण्यात? मामा बाकावर बसलेला, हात गळ्यात बांधलेला. गाडी उघडल्यावर आतले दात अडकलेले सापडणार होते, हे मला ठाऊक होतं. कुणीतरी दांडा ओढलेला असायलाच हवा होता. मी म्हणालो, "चालवण्यात. परवा गाडी फिरवून बघताना मामाचा हात दांड्याला लागला असणार."

मामानं गळ्यात बांधलेल्या हाताकडं बघितलं. मग म्हणाला, "लागला असंल. साहेब म्हनत्यात म्हंजी लागला असंल."

तो भांडला असता तर? मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. पण तो भांडला नाही. गाडी उघडली, दात तसेच सापडले, आणि गावात झालं — इंजिनेरानं न उघडता वळखलं. आबांनी हे माझ्या लग्नात सांगितलं. सोयरे आले की अजून सांगतात. नोकरीच्या मुलाखतीत, बिघाडाचं निदान कसं कराल असं विचारलं, तेव्हा हाच किस्सा मीही सांगितला. नोकरी लागली. आता माझ्या मुलीनं शाळेच्या निबंधात तो लिहिलाय. कुठून मागं फिरू?

मामाला पुन्हा कुणी ट्रक दिला नाही. तो मेंढरांकडं परतला. रान मोकळं झालं की दरवर्षी आबा त्याचा कळप आमच्या शेतात बसवतात, खतासाठी. यंदा मी गेलो तेव्हा तिथं चुलतभावाचा नवा ड्रायव्हर होता, मामानं ड्रायव्हरकी का सोडली म्हणून विचारत. मामा हसला.

"सोडली कुठं, सुटली. इतकी वर्सं चालवली रं, अन् माझा हात त्या दांड्याला कवा लागला ते मलाच ठावं न्हाई. साहेबानं सांगितलं तवा कळलं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "व्हय का न्हाई, साहेब?"

मी म्हणालो, "होय मामा."