तीनशे दहाचं रूप आणि दोन आण्यांचा चुना

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माणूस गाढव असतो म्हणजे नेमका किती असतो, ते मला विचारा!

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी दादरला एका शेठजींचा ड्रायव्हर. त्यांनी आपली गंजकी गाडी स्वस्तात माझ्या गळ्यात मारली आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं. हिला अमेरिकन गाडीचं रूप द्यायचं आणि लग्नांना भाड्याने फिरवायची!

भोईवाड्याच्या मिस्त्रीने खर्च सांगितला. पुढचं नाक आणि रुंद मडगार्ड पत्र्यातून घडवायचे एकशे ऐंशी, बसवायचे चाळीस, रंगाचे नव्वद. तीनशे दहा! बायकोने मुकाट्याने बांगड्या काढून दिल्या.

रंग लागला त्याच संध्याकाळी सासरे आले. लालबागच्या मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा माणूस, बोलणं मोजकं.

"जावयबापू, उद्या सत्याग्रहाक येतास मां?"

"आलो असतो हो मामा. पण रंग ओला आहे!"

आता तुम्हीच सांगा, रंग वाळायला माझी काय गरज? मी काय फुंकर मारत बसणार होतो? सासरे चपला घालून निघाले. दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर लाठी खाऊन ते तुरुंगात गेले. बायको माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. मला लाज वाटत होती. खरंच वाटत होती.

म्हणून ठरवलं, सुटतील त्या दिवशी त्यांना याच गाडीतून घरी आणायचं. आणि नेमका त्याच दिवशी हरताळ! रस्त्यात गाडी दिसली की दगड. माझ्या नव्या रंगावर दगड?

मग मी अक्कल लढवली. आदल्या दिवशीच दोन आण्यांचा चुना आणला आणि बॉनेटवर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. नंतर ओल्या फडक्याने पुसू, हाय काय नि नाय काय!

काय सांगू, गर्दीने आपणहून वाट दिली. एकही दगड नाही.

तुरुंगाच्या दारात सासरे लंगडत बाहेर आले. अक्षरं पाहून जागच्या जागी थांबले. डोळे भरून आले त्यांचे.

"मी तुमका वायट समजलंय," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे हात जोडले. जावयापुढे! मी तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पण बरोबर सुटलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी आपला छाती काढून उभा.

सासरे गाडीत बसले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "ही अक्षरां पुसू नकात हां."

"पुसतो कसली मामा! सकाळी एक वाकडं अक्षर पुसायला गेलो, तर चुन्याने खालचा कच्चा रंगच खाल्ला! त्यापेक्षा दगड परवडला असता!"

गेलं! तोंडातून निघून गेलं.

सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "गाडयेक खर्च किती इलो?"

"तीनशे दहा."

"आणि ह्या अक्षरांक?"

"दोन आणे."

"बरा. गाडी थांबवा."

ते उतरले आणि गुडघा धरून लालबागकडे चालू लागले. मी खिडकीतून हाका मारतोय, "मामा, बसा हो! पाया पडतो तुमच्या!" त्यांनी मान वळवली नाही. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही मागोमाग निघालो, पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्या लंगडण्याच्या चालीने.

पुढे तुरुंगातून सुटलेला सत्याग्रही, मागे घोषणा लिहिलेली गाडी! लोकांना वाटलं मिरवणूकच निघाली. लालबागच्या नाक्यावर कुणीतरी झेंडूचा हार घेऊन धावत आलं. सासऱ्यांनी नुसतं बोट मागे दाखवलं.

आणि तो हार, राव, खिडकीतून माझ्या गळ्यात पडला.