जुनरीच्या नावाने नाही

नेरिसा इबान्येझ शिव्याही लाडिकपणे द्यायची. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या आमच्या कॉल सेंटरमधले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते. प्रत्येक टेबलापाशी जाऊन वाकायला तिची पाठ राजी नव्हती, म्हणून तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली होती. जागेवर बसूनच ती सगळ्या मशिनींना विचारायची, डिस्क भरलीय का, कोण लॉग-इन आहे. एरवी नेरिसा साध्या खात्यावर काम करायची. स्क्रिप्ट मात्र दरवेळी थांबून जास्त अधिकारांच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड मागायची. जे नाव टाकाल, त्याची नोंद प्रत्येक मशिनीवर राहायची.

त्या वर्षी फोनवर बोलणारे एजंट युनियन बांधत होते. एका दुपारी मॅनेजर आर्नेल सर आमच्या खोलीत आले. मी तिच्याच कामात होतो, शेजारच्या टेबलावर जेवत होतो.

"इंदाय," लाडक्या पोरीला हाक मारावी तशा गोड आवाजात सर म्हणाले, "युनियनची पत्रकं कुणाकुणाच्या मशिनीवर आहेत, तेवढं स्क्रिप्टला विचार. तुझं नाव नको. जुनरीचं खातं अजून चालू आहे ना? पासवर्ड बदलून घे आणि ते टाक."

जुनरी आमच्याच खोलीतला जुना सोबती, त्यालाही तसं जास्त अधिकारांचं खातं होतं. नोकरी सोडून जहाजावर गेला होता.

"म्हणजे बोंब झाली की जुनरीने केलं?"

"तो समुद्रात आहे. त्याला काय फरक पडतो?"

"परत आला की याच शहरात नोकरी मागणार आहे तो. काम एवढं स्वच्छ असेल तर तुमचं नाव घाला ना, सर. हा घ्या कीबोर्ड."

सरांनी हात लावला नाही. "तुझ्या आईची औषधं कंपनीच्या विम्यावर चालतात, नाही का?"

नेरिसाचा चेहरा उतरला. मला वाटलं, वाकली. तिने खुर्ची पुढे ओढली, जुनरीचं खातं शोधलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बंद करून टाकलं.

"झालं. आणि माझ्या आईचं नाव पुन्हा तोंडात आणू नका."

संध्याकाळी तिचं ओळखपत्र काढून घेतलं. रखवालदार मागच्या दाराकडे नेत होता, पण ती एजंटांच्या हॉलमधूनच गेली आणि आपल्याला काय करायला सांगितलं होतं ते मोठ्याने सांगत गेली. एजंटांनी फोन खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी सरांनी तेच काम मला सांगितलं. मी विचारलं, "कुणाच्या नावाने?" ते निघून गेले.

युनियन झाली. नेरिसाला परत घ्या ही युनियनची पहिली मागणी कंपनीने फेटाळली. आईच्या औषधांसाठी नेरिसाने मोटरसायकल विकली. आता ती एका शाळेतले कॉम्प्युटर सांभाळते, जीपनीच्या खचाखच भरलेल्या गाडीने जाते-येते आणि सरांबद्दल विचारलं की अजून लाडिकपणे शिव्या देते.