गच्चीवरची कानपिळी

माझ्या मूर्खपणाचा फोटो आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतरी चहा पिता पिता तुमचं लक्ष तिकडे जाणारच, आणि मग तुम्ही विचारणारच!

माझी धाकटी बहीण मुग्धा. तिचं लग्न ठरलं आणि घरात कामं वाटली गेली. मी खराडीला एका आयटी कंपनीत दिवसभर दुसऱ्यांची वेळापत्रकं करत बसतो, त्यामुळे लग्नाचं वेळापत्रक माझ्याकडे आलं. म्हणजे कुणी दिलं नाही. मीच घेतलं.

मुग्धाची मागणी एकच होती. "दादा, मला ते धुरातले, फुगे सोडतानाचे फोटो नकोत. तू अनिकेतचा कान पिळतोस ना, तो एक फोटो झकास पाहिजे. आईच्या अल्बममध्ये मामाचा आहे तस्सा."

लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. आईच्या अल्बममध्ये मामाने बाबांचा कान असा धरलाय की बाबा अजून त्या बाजूने आईचं काही ऐकत नाहीत.

एवढंच ना? मी एक्सेल उघडलं! कोवळं ऊन पिवळ्या रंगात, कडक ऊन लाल रंगात, कोणती काकू कोणत्या ग्रुप फोटोत, सगळं मिनिटामिनिटाला. गुरुजींना फोन करून विचारलं, "मुहूर्त जरा अलीकडे घेता येईल का? अकराला ऊन फार वर येतं."

"मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांनी आहे," गुरुजी म्हणाले. "सूर्याला आपण मेल करून बघा."

आता इथे माझी हुशारी ऐका. लग्नात कुणीही वेळेवर येत नाही, बरोबर? म्हणून मी दोन वेळापत्रकं केली. एक खरं, माझ्यासाठी आणि फोटोग्राफर धनंजयसाठी. दुसरं बाकी सगळ्यांसाठी, एक तास अलीकडचं. सातला या म्हटलं की आठला येतील. गुरुजींनाही दुसरंच दिलं, कारण गुरुजींची एका दिवसात दोन लग्नं असतात. मुहूर्त तेवढा पत्रिकेत छापलेला, म्हणून तो दोन्हीकडे एकच ठेवला.

शिवाय कार्यालयाच्या दारात पाटी लावली : 'विधी चालू असताना मोबाइल सायलेंटवर ठेवावेत, त्याने फोटो काढू नयेत. काढल्यास अपमान केला जाईल.' लोक मध्ये मध्ये फोन घालतात आणि धनंजयच्या फोटोत नुसते हात येतात हो!

लग्नाच्या दिवशी आम्ही आठला दहा कमी असताना बिबवेवाडीच्या कार्यालयात पोचलो. बघतो तर अख्खं वऱ्हाड पायरीवर बसलेलं. कार्यालयाचे वॉचमनकाका त्यांना चहा देत होते.

अनिकेतचे बाबा उठले. "आपण सात म्हणालात. सातला आम्ही होतो. आपण नव्हतात."

"अहो, पण... तुम्ही वेळेवर आलात?"

"का? येऊ नये असं काही होतं का?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की ओवाळायच्या तबकातली निरांजनं आपोआप पेटावीत.

तुम्ही म्हणाल, इथे तरी शहाण्या माणसाने गुरुजींना खरं सांगावं. मी म्हटलं, कशाला? मुहूर्ताला सगळं जुळेलच की! आणि जुळलंही. अकरा वाजून बारा मिनिटांनी अक्षता पडल्या, फोटो छान आले, मी खूश. लाजाहोम माझ्या कागदावर सव्वा एकला. तोवर माणसं जेवतील.

धनंजय म्हणाला, "सर, कानपिळी दोन सेकंदांत संपते. तुमची पाठ मध्ये आली की फोटो गेला. एकदा सराव करू या."

खाली पंगतीची गर्दी, म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. नवरा म्हणून कोण? वॉचमनकाका! अनिकेतचा जादाचा फेटा त्यांना बांधला, गळ्यात एक हार घातला. व्हिडिओवाल्यालाही वर घेतलं, कारण प्रकाशासाठी पांढरं थर्माकोल कुणीतरी धरायला हवं होतं.

"सर, अजून जोरात. चेहऱ्यावर भावाची माया आणा."

"साहेब, माया पुरे," वॉचमनकाका म्हणाले. "कान माझा आहे."

पंचवीस वेळा पिळला. काय फोटो आले म्हणून सांगू! एक तर असा, की बघूनच मला माझ्या बहिणीची काळजी वाटायला लागली.

एक वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे पाच मिनिटं आधीच, मी ऐटीत खाली उतरलो. गुरुजी पिशवी आवरत होते.

"गुरुजी, लाजाहोम?"

"सव्वा बाराला. सप्तपदीही झाली." त्यांनी माझाच कागद पुढे धरला. "तीस वर्षांत पहिलंच लग्न, जे कागदाप्रमाणे पार पडलं. अभिनंदन."

"आणि कान?"

कान चुलतभाऊ बंटीने पिळला होता. त्याच्या मनगटावर कानपिळीचा मान म्हणून मिळालेलं नवंकोरं घड्याळही होतं. मला शोधायला दोघंजण गेले होते, पण ते शोधत होते बासुंदीच्या टेबलापाशी. फोन करावा तर माझा सायलेंटवर, माझ्याच सूचनेनुसार.

"कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला असेल ना?" मी ओरडलो.

अख्ख्या मांडवाने दारातल्या पाटीकडे बोट दाखवलं. तीनशे माणसं, एकानेही फोटो काढला नव्हता!

"गुरुजी, पुन्हा एकदा पिळता येईल?"

"येईल की. त्यासाठी पुन्हा लग्न लावावं लागेल. मला पाचची वेळ आहे."

मुग्धाचे डोळे भरले होते. "दादा, एकच मागितलं होतं रे." खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. धनंजयने गुपचूप कॅमेरा तिच्यापुढे धरला आणि गच्चीवरचे फोटो दाखवले. तिने एक पाहिला, दुसरा पाहिला, आणि मुंडावळ्या तुटेपर्यंत हसली.

तोच फोटो तिने मोठा करून आम्हाला भेट दिला. परवा शेजारच्या गोखलेकाकू आल्या होत्या. बराच वेळ फ्रेमसमोर उभ्या राहिल्या आणि आईला हळूच म्हणाल्या, "जावई छान आहेत हो. पण मुग्धाच्या मानाने वयाने जरा जास्तच वाटतात, नाही?"

"ते कार्यालयाचे वॉचमन," आई म्हणाली. "जावई वेळेवर खाली मांडवात होते. हा कान पिळतोय तो आमचा मुलगा. वेळापत्रक यानेच केलं होतं."